खालून पहिला खण

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कपाटाचे खण खालून मोजायचे. ही रीत मी पाडली. जाड पुस्तकं तळाला असतात, कपाटाचा सगळा भार तिथं, म्हणून तळाचा खण पहिला. गवंडीसुद्धा भिंतीचा पहिला थर खालीच धरतो. मी त्या लायब्ररीचा शिपाई. शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. पुस्तकाचं नाव वाचायला मला वेळ लागायचा, इंग्रजी तर मुळीच यायचं नाही. पण कुणी "मामा, ते मातीचं निळं पुस्तक" एवढं म्हणालं, की मी स्टुलावरून न उठता सांगायचो, "उत्तरेच्या भिंतीचं चौथं कपाट, खालून दुसरा खण, उजव्या हाताला." प्राध्यापक लोकसुद्धा कार्डं चाळायच्या आधी मला विचारायचे. याचा मला अभिमान होता. तो उगाच होता असं मी आजही म्हणणार नाही.

कॉलेज राहुरीच्या बाजूला. माझं स्वतःचं गाव मुळा धरणाच्या पाण्याखाली आहे. आम्हाला उठवून माळावर जमिनी दिल्या, तिथं मातीपेक्षा दगड जास्त, म्हणून मी नोकरी धरली. त्याचं मला रडगाणं गायचं नाही. पण त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. गाव उठलं तेव्हाच त्याची बदली लांब सरहद्दीला झाली. त्याचा नवा पत्ता आमच्याकडे नव्हता आणि तो जुन्या गावाच्या पत्त्यावर पत्रं टाकत राहिला. ती फिरून फिरून त्याच्याचकडे परत गेली. वर कुणीतरी शाईनं लिहिलेलं, 'गाव बुडीत'. मधल्या काळात आई गेली. सुट्टी मिळाल्यावर भाऊ जुन्याच वाटेनं चालत आला, तो थेट पाण्याला येऊन लागला. तिथं जाळं सुकवत बसलेल्या माणसाला त्यानं विचारलं, "इथली माणसं कुठं गेली?" त्या माणसानं त्याला आमच्या वस्तीवर आणून सोडलं. दारात उभा राहून त्यानं पहिल्यांदा आईलाच हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येते.

आमचे लायब्ररीचे साहेब माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. बौद्ध घरातले. आमच्या जुन्या गावात त्यांच्या लोकांना आम्ही पाणी वरून घालायचो. मी स्वतः घातलंय, लपवत नाही. ते साहेब म्हणून आले तेव्हा सुरुवातीचे काही महिने पाण्याचा पेला मी त्यांच्या हातात द्यायचो नाही, टेबलाच्या कडेला ठेवायचो. त्यांनी ते ओळखलं होतं. एक दिवस मान वर न करता म्हणाले, "मामा, पेला कडेला ठेवू नका. कागदांवर सांडेल." तेवढंच. त्या दिवसापासून मी पेला हातात द्यायला लागलो. कागदांसाठी की लाज वाटली म्हणून, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ही हकिगत नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. कॉलेजात कॉम्प्युटर आले. दहा मैदानापलीकडच्या खोलीत, एक आमच्याकडे, आणि आमच्याकडच्याला जोडलेली एक उभी पेटी. तिला एकाखाली एक चार खण. बटण दाबलं की खण जिभेसारखा बाहेर यायचा, त्यात सीडीची चकती ठेवायची, परत दाबलं की आत. पेटीपासून एक वायर मैदान ओलांडून पलीकडच्या खोलीत गेलेली. तिथं बसलेल्या मुलाला आमच्या पेटीतली चकती वाचता यायची. मी म्हटलं, "म्हणजे पुस्तक इथं आणि वाचणारा तिथं?" साहेब म्हणाले, "आणि एका वेळी दहा वाचणारे. पान फाटायची भीती नाही."

पान फाटायची भीती आमच्याकडे मोठीच होती. निवृत्त प्राध्यापकांच्या हातानं लिहिलेल्या वह्या, जुने प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, हे मुलं हाताळून हाताळून चिंध्या करायची. साहेबांनी मे महिन्याची सगळी सुट्टी ते कागद यंत्राच्या काचेवर उलटे ठेवून त्यांचे फोटो घेण्यात घालवली. मी बरोबर होतो. चुरगळलेलं पान लाकडी पाटाखाली दाबून सरळ करायचं, धूळ फुंकायची, त्यांच्या हातात द्यायचं. काचेखालून उजेड सरकत जायचा. भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून आम्ही बसायचो, कारण पानं उडायची.

त्यात एक वही होती. धरणात पाणी अडवायच्या आधी एका प्राध्यापकांनी नदीकाठची गावं पायी फिरून तिथली झाडंझुडपं टिपून ठेवली होती. पेन्सिलीनं चित्र, खाली गाव, शेजारी तिथले लोक त्या झाडाला काय म्हणतात आणि ते कशाला वापरतात ते. पान एकेचाळीस सरळ करताना माझा हात थांबला. माझ्या गावाचं नाव मला वाचता येतं. बाकीचं मी एक एक अक्षर लावून वाचलं. 'मारुतीच्या पायऱ्यांपाशी. नदीची तुळस.' माझी आई त्याला हेच म्हणायची. बाहेर कुणी हे नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मी साहेबांना भावाच्या पत्रांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी पेटीच्या वर एक पुठ्ठा टांगलेला दिसला. मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं एवढ्या मोठ्या: 'पत्ता बदलू नये.'

मग जून लागला आणि त्यांनी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. जुन्या कार्डांच्या पाठीवर लिहिलेल्या. प्रत्येक कागदाचा पत्ता: कुठला खण, कितवी वही, कुठलं पान. पहिल्या खणाला मशीन 'ई' म्हणायचं, म्हणून आमच्या त्या पानाचा पत्ता 'ई – वही ३ – पान ४१'. तो पलीकडच्या खोलीत टाइप केला की पान समोर. साहेब मुलांना सांगायचे, "हा पत्ता तुम्ही पास होऊन गेलात तरी हाच राहील. तुमच्या मागून येणाऱ्याला हीच चिठ्ठी द्या. यातली चकती या खणातून त्या खणात जाणार नाही, हा माझा शब्द." मूळ वही त्यांनी प्राध्यापकांच्या घरी परत केली. पुढे प्राध्यापक वारले, घरचे गाव सोडून गेले. मशीनच्या पोटात जागा थोडी, म्हणून चकती झाल्यावर आतलंही त्यांनी पुसून टाकलं होतं. म्हणजे पान आता त्या चकतीवरच.

मुलांनी मला विचारणं कमी केलं. वाईट वाटलं. वाटलं ते वाटलं.

"मामा, आता तुमचं काम काय राहिलं?" एक टवाळ पोरगा जाता जाता म्हणाला.

"तुझी चिठ्ठी खिशासकट धुण्यात गेली की ये माझ्याकडं. तवा सांगतो."

"पण मामा, पेटीचे खण खालून का वरून?"

"शहानी मानसं खालूनच मोजत्यात."

सगळे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "पेटीत मात्र वरून बरं का मामा. मशीन आपलं ऐकत नाही." मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. थट्टेत बोललेलं म्हणून सोडून दिलं.

दसऱ्याला साहेब दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी निघताना किल्ल्या माझ्याकडे दिल्या. आमच्या पूजेला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. एवढंच म्हणाले, "फुलं सगळ्याला घाला. पेटीला मात्र हात नका लावू. तिची पूजा मी आल्यावर कोरड्या फडक्यानं करीन."

खंडेनवमीला मी एकटाच होतो. शिडी, शिक्के, कात्री, पुस्तकं शिवायचं दाभण, तास द्यायची घंटा, टाइपरायटर, सगळं पुसून मांडलं. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. पेटी तशीच कोरडी. साखर कारखान्यात त्या दिवशी क्रेनला हार घालतात, एसटीचा ड्रायव्हर गाडीला नारळ फोडतो. वर्षभर राबलेलं यंत्र त्या दिवशी कोरडं ठेवायचं, हे माझ्या मनाला पटेना. आणि खरं सांगायचं तर, 'हात लावू नका' असं मला सांगितलं होतं, हेही मनात होतंच. मे महिनाभर पानं मी सरळ केली आणि आता हात लावायचा नाही?

बटणं मी रोज बघत होतो. दाबली. चारही चकत्या काढून पाटावर ठेवल्या. एका बाजूला साहेबांच्या अक्षरात नाव आणि आकडा. दुसरी बाजू आरशासारखी, तोंड दिसेल अशी. लिहिलेल्यावर कुंकू सांडू नये एवढं मला कळत होतं. म्हणून मी चकचकीत बाजूला लावलं, ओल्या बोटानं, चारही चकत्यांना. वर अक्षता टाकल्या. हात जोडले. मग परत ठेवल्या. एक आकड्याची पहिल्या खणात, दोनची दुसऱ्या, तीनची तिसऱ्या, चारची चौथ्या. पहिला खण म्हणजे तळाचा. दुसरं काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि समाधानानं घरी गेलो.

दसरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉलेज उघडलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प तपासायला बाहेरचे परीक्षक आले होते. साहेब अजून परतीच्या वाटेवर. परीक्षक वयस्क, बारीक चष्मा, बोलणं कापत जाणारं. त्यांनी लायब्ररीतच टेबल मांडून घेतलं, म्हणजे संदर्भ तिथल्या तिथं तपासता येतील. चहाचं काम माझ्याकडे.

पारनेर तालुक्यातली एक मुलगी होती, राळेगणसिद्धीच्या पलीकडच्या गावची. आत्याकडे राहून शिकायची. चपला दाराबाहेर काढून लायब्ररीत येणारी ती एकटीच. तिचा प्रकल्प धरणाखाली गेलेल्या झाडांवर होता. वर्गात पहिली येणारी पोरगी, तिच्या सरांनी तिला मुद्दाम पहिली बसवली होती.

परीक्षकांनी एक पान उलटलं, बोट ठेवलं. "नदीची तुळस. हे नाव मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. कुठून आणलंस?"

"सर, संदर्भ दिलाय खाली. ई, वही तीन, पान एकेचाळीस."

"उघड मग. मीही बघतो."

तिनं टाइप केलं. पडद्यावर इंग्रजी शब्दकोश आला. तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा तोच.

"हा तर शब्दकोश," परीक्षक म्हणाले. "तुझी तुळस कुठल्या अक्षराखाली उगवते?"

तिचे सर कसनुसं हसले. मुलगी हसली नाही. तिनं दुसरे खण बघितले. एकात अक्षरं अर्धवट येऊन थांबली. सगळ्यात तळाचा खण नुसता घरघरत राहिला, काही दाखवीना.

"सर, मी वाचलंय हो ते पान. चित्र आहे. वर कोपऱ्यात चहाचा डाग आहे."

"डागाला गुण देता येत नाहीत." त्यांनी पेन काढलं आणि समासात लिहिलं, मी जवळून पाहिलं, 'संदर्भ अस्तित्वात नाही'. मग जरा थांबून म्हणाले, "चुकलं तर दुरुस्त होतं, मुली. मनानं रचलेलं दुरुस्त होत नाही. उद्या अकरापर्यंत दाखव. साडेअकराच्या गाडीनं मी जाणार. नाहीतर हा शेरा तसाच जाईल."

तिच्या सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मामा, सुट्टीत मशीनला कुणी हात लावला होता का?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी म्हणालो, "मी कशाला हात लावू? मला अडाण्याला त्यातलं काय कळतंय?"

सबंध आयुष्यात 'मला कळत नाही' हे वाक्य मी कुणापुढं म्हटलं नव्हतं. चौथी न शिकलेला माणूस म्हणून कुणी बोलायला गेलं तर मी त्याच्या अंगावर गेलोय. त्या दिवशी तेच वाक्य मी आडोशासारखं पुढं धरलं आणि त्याच्या मागं उभा राहिलो. सरांनी लगेच मान हलवली. त्यांना ते पटलं. माझ्याबद्दल त्यांना एवढं सहज पटावं, हेही मला लागलं, आणि लागायचा मला हक्क नव्हता.

सगळे गेल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. डोळे कोरडे होते, आवाज मात्र जड. "मामा, मूळ वही कुठं असेल? तुम्हाला तर प्रत्येक पुस्तकाची जागा माहिती असते."

"ती परत केली पोरी. ते लोक गाव सोडून गेले."

"मग उद्या मी काय दाखवू? घरी सगळ्यांना सांगितलंय मी, माझ्या प्रकल्पात आपल्या जिल्ह्याचं असं काहीतरी आहे की जे पुस्तकात नाही. आता म्हणतील, पोरीनं बनवून लिहिलं."

ती दाराबाहेर चपला घालायला वाकली, तेव्हा तिच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. मी ती उचलून दिली. साहेबांचं अक्षर, 'ई – वही ३ – पान ४१'. घरी जाताना सगळ्या वाटेवर मला पाण्याच्या काठाशी उभा असलेला भाऊ दिसत होता. त्याच्याजवळ पत्ता बरोबर होता. तो खोटं बोलत नव्हता. गाव जागेवर नव्हतं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी दार उघडून बसलो. साहेब थेट गाडीवरून आले, हातात पिशवी, डोळे जागरणानं लाल. मुलीचे सर त्यांना फाटकातच भेटले होते. पिशवी खाली ठेवून त्यांनी पेटी चालू केली, खण बाहेर काढले. वरच्या खणातल्या चकतीवर चारचा आकडा. त्यांनी ती उचलून उलटी केली. कुंकू वाळून काळपट झालं होतं. तळाच्या खणात एक नंबरची चकती आणि तिच्याखाली तांदळाचे दोन दाणे.

दाणे त्यांनी चिमटीत उचलून टेबलावर ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामा, खालून मोजलंत?"

"व्हय."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मऊ कापड ओलं केलं आणि एकेक चकती मधून कडेकडे पुसत गेले. चकत्या आपापल्या खणात ठेवल्या. शब्दकोश गेला, वह्या आल्या. पहिली वही, दुसरी वही. तिसरीचं पान अडतीस आलं, एकोणचाळीस आलं, चाळीस आलं. एकेचाळिसाव्याला पेटी घरघरायला लागली. तांदळाच्या दाण्यानं तिथं बारीक रेघ ओढली होती, केसाएवढी. त्यांनी चार वेळा करून बघितलं. बेचाळीस नीट आलं. एकेचाळीस आलं नाही.

साडेदहा झाले होते. परीक्षक आले, सर आले, मुलगी आली. तिनं आल्या आल्या साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

साहेब उभे राहून म्हणाले, "सर, चूक माझी आहे. पेटी उघडी ठेवून मी रजेवर गेलो. चकत्या उलटसुलट झाल्या आणि नेमकं ते पान खराब झालं. मुलीचा यात काही दोष नाही. ते पान मी स्वतः चढवलं होतं."

"म्हणजे पान आजही नाही," परीक्षक म्हणाले. "तुमच्या शब्दावर मी सही कशी करू? उद्या कुणी म्हणेल, विद्यार्थिनीला पाठीशी घातलं."

साहेबांचा शब्द. वर पुठ्ठा टांगलेला होता. मी ट्रे खाली ठेवला आणि टेबलाशी गेलो.

"सायेब, ह्यांनी काय केलं न्हाई. ह्यांनी मला हात लावू नको म्हनून सांगितलं हुतं. पेटी मी उघडली. काल इचारलं तवा मी खोटं बोललो."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल तर म्हणालात, मला त्यातलं कळत नाही."

"पेटीतलं न्हाईच कळत. पानातलं कळतं. ते पान माझ्या हाताखालून गेलंय."

त्यांनी मुलीचा प्रकल्प मिटला आणि वर तळहात ठेवला. "सांगा, काय होतं?"

मी डोळे मिटले. मला वाचून आठवत नाही, जागेनं आठवतं. "डाव्या अंगाला पेन्सिलीचं चित्र. तीन फांद्या, मधली वाकलेली. चित्राखाली माझ्या गावाचं नाव. त्याच्या म्होरं, मारुतीच्या पायऱ्यांपाशी. उजव्या अंगाला, नदीची तुळस. वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग, अर्धा. अर्धा आधीच्या पानावर हाय."

"आणि पाला कशासाठी वापरायचे?"

"पोट दुखलं की. ठेचून बेंबीभवती लावायचा. पोटात द्यायचा न्हाई. आई म्हनायची, गिळला तर उलट्या हुत्यात."

मुलीच्या तोंडून हुंदका आला, तो तिनं ओढणीत दाबला. परीक्षकांनी प्रकल्प उघडला, तिनं लिहिलेलं वाचलं. मग चाळिसावं पान उघडायला सांगितलं. कोपऱ्यात डागाची अर्धी कड होती. तिथं त्यांनी बराच वेळ पाहिलं. शेवटी पेन काढून समासातला शेरा एका रेघेनं खोडला आणि शेजारी सही केली.

निघताना माझ्यापाशी थांबले. "काल बोलला असतात, तर ही पोर काल नीट जेवली असती." मी मान खाली घातली. गाडीची वेळ झाली होती, ते गेले.

मुलीनं प्रकल्प छातीशी धरला होता. "मामा, काल का नाही बोललात?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. मी खाली ठेवलेला ट्रे उचलला. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

आम्ही दोघंच राहिलो. साहेबांनी पिशवीतून नागपूरची संत्रा बर्फी काढली, एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तिथंच, त्यांच्यासमोर खाल्ला. माझं गाव एकदा सरकारनं पाण्यात घातलं होतं, त्यावर मी पंचवीस वर्षं बोलत आलो. कागदावर राहिलेलं तेवढं मी घालवलं, त्यावर कुणाशी बोलणार?

"चिठ्ठ्या मुलांकडे गेल्यात," साहेब म्हणाले. "त्या पत्त्यावर कुणी ना कुणी येणार. जागा रिकामी ठेवून चालणार नाही."

"मंग?"

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि पेन्सिल दिली.

"मला लिवता येत न्हाई धड."

"तुम्ही काल हेच म्हणाला होतात."

मी तीन दुपारी लिहीत होतो. अक्षरं मोठी, ओळी खाली उतरत गेलेल्या. मारुतीच्या किती पायऱ्या होत्या, कुठल्या पायरीपाशी ते झुडूप यायचं, आई पाला कसा खुडायची, ते सगळं. तिसऱ्या दिवशी ती मुलगी आली. तिच्या वहीत चित्राची नक्कल होती, तिनं ती माझ्या कागदाच्या डाव्या बाजूला काढली. बोलली थोडंच. "मधली फांदी एवढीच वाकलेली होती ना मामा?" मी म्हणालो, "आणखी थोडी." तिनं खोडून पुन्हा काढली.

खाली जागा उरली होती. तिथं मी लिहिलं, 'मूळ पान खंडेनवमीला माझ्या हातून गेलं. साहेबांनी नको म्हणून सांगितलं होतं. पोरीचा दोष नाही.'

साहेबांनी वाचलं. "मामा, शेवटचं कशाला? हे पान वर्षानुवर्षं लोक उघडतील."

"म्हनूनच."

"कापून घेऊ का तेवढं?"

"न्हाई. हात लावायचा न्हाई."

परत आल्यापासून ते पहिल्यांदा हसले. कागद काचेवर उलटा ठेवला, खालून उजेड सरकला. नव्या चकतीवर सगळी वही पुन्हा घेतली आणि माझं पान तिथंच बसवलं, ई, वही तीन, पान एकेचाळीस. पेटीच्या खणांना आकडे चिकटवायला त्यांनी मलाच सांगितलं. एकचा आकडा मी वर चिकटवला. कपाटांचे खण मात्र निवृत्त होईपर्यंत खालूनच मोजले.

पुढच्या खंडेनवमीला साहेब नागपूरला जायच्या आधी मी त्यांच्याकडून एक चिठ्ठी मागून घेतली. पूजा मांडायच्या आधी मैदान ओलांडून पलीकडच्या खोलीत गेलो आणि एका बोटानं, एक एक अक्षर शोधत, पत्ता टाइप केला. थोडा वेळ पडदा काळाच राहिला. मग माझं वाकडं अक्षर वर आलं. मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग परत येऊन पेटीवर बाहेरूनच एक फूल ठेवलं.